रंग नको, चिठ्ठी द्या

गळीत हंगाम सुरू झाला की कराडच्या आसपासच्या रस्त्यांवर रात्री दोन तऱ्हेचे ट्रॅक्टर दिसतात. एकावर फोकस, रंगीत माळा आणि छतावर भलेमोठे स्पीकर. आधी गाणं ऐकू येतं, मग ऊस दिसतो. दुसरा अंधारातच चालतो. मागच्या ट्रॉलीला दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला, आणि मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला तो दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो. पुष्कळदा हा दुसरा ट्रॅक्टर म्हणजे महिन्यापूर्वीचा पहिलाच असतो. मधल्या काळात त्याचा डायनमो गेलेला असतो.

महामार्गाच्या सेवारस्त्यावर माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. सेल्फ, डायनमो, वायरिंग, हॉर्न, वायपर, जे वायरीवर चालतं ते सगळं. अल्टरनेटरला आमच्याकडे अजून डायनमोच म्हणतात, मीही इथे तसंच म्हणेन. मी स्वतः डायनमो बांधतो, माझं घर त्यावर चालतं. तेव्हा ‘जुनं घेऊ नका, नवंच घ्या’ असं मी सांगणार नाही. नीट बांधलेला डायनमो नव्याच्या तोडीने चालतो, पैसा वाचतो आणि चांगलं तांबं-अ‍ॅल्युमिनियम भंगारात जात नाही. माझी तक्रार दुसरीच आहे. जुना डायनमो वरवर पुसून, चंदेरी रंग मारून, खोक्यात घालून ‘रिबिल्ट’ म्हणून विकायचा, हा प्रकार आता बोकाळला आहे. बैलबाजारात जाण्याआधी म्हाताऱ्या बैलाची शिंगं रंगवतात ना, तसंच हे. फरक इतकाच की बैल घेणारा निदान त्याचे दात तरी मोजतो.

गेल्या पावसाळ्यानंतर एक पोरगा माझ्याकडे पिकअप घेऊन आला. कोरेगावकडचा. स्वतःची गाडी, स्वतःच चालवतो, आलं भरून वाशी मार्केटला जातो. त्याची कथा पूर्ण सांगतो, कारण या धंद्यातले बहुतेक सगळे रोग तिच्यात आहेत.

सुरुवातीला डॅशबोर्डवरचा बॅटरीचा तांबडा दिवा मंद पेटू लागला. हेडलाइट लावले की जरा जास्त, बंद केले की जवळजवळ विझल्यासारखा. खंबाटकी चढताना तो घाबरला आणि घाट उतरल्यावर रस्त्यावरच्या एका दुकानात थांबला. तिथल्या माणसाने गाडी चालू ठेवून बॅटरीचा टर्मिनल उपटला, गाडी अडखळली, ‘डायनमो गेला’ असा निकाल दिला. जुना ठेवून घेतला, वर पैसे घेऊन रिबिल्ट बसवला. दिवा तरीही मंद पेटतच होता. ‘नवीन हाय, सेट व्हायला वेळ लागतो,’ असं सांगण्यात आलं. डायनमो सेट होत नसतो. तो पहिल्या मिनिटाला चार्जिंग करतो किंवा करत नाही.

काही दिवसांनी सकाळी गाडी सुरूच होईना. रात्रभर उभ्या गाडीत बॅटरी उतरायची. पोरगा परत त्या दुकानात गेला. गॅरंटीत दुसरा डायनमो मिळाला, मजुरी मात्र पुन्हा घेतली. आता उलटं झालं. हेडलाइटचे बल्ब उडायला लागले, बॅटरीतलं पाणी आटायला लागलं, केबिनमध्ये अ‍ॅसिडचा उग्र वास. कुणीतरी सांगितलं, वायरिंगच खराब आहे. म्हणून तो माझ्याकडे आला तेव्हा पहिलं वाक्य हेच होतं : ‘मिस्त्री, समदी वायरिंग बदलून टाका. दोन डायनमो बदलले, आता वायरिंगबिगर दुसरं काय असणार?’

त्याचा हिशोब ऐकायला बिनतोड वाटतो. पार्ट बदलून बघण्यामागे एकच गृहीत असतं, की बदली पार्ट चांगला आहे. नवा चांगला पार्ट टाकूनही बिघाड राहिला तर दोष दुसरीकडे, हे बरोबरच. पण बदली आलेला पार्टच खराब असेल तर हे सगळं तर्कशास्त्र कोसळतं. एका बिघाडाच्या जागी दोन होतात, दुसरा पहिल्याला झाकतो, आणि मालक गाडीवर संशय घेत बसतो. रद्दी रिबिल्ट पार्टचं खरं नुकसान इथे आहे. त्याची किंमत बुडते ते वेगळंच, पण तो माणसाला खोटी साक्ष देतो.

मी मीटर लावला. गाडी बंद असताना चांगली भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२ पर्यंत उतरली तर जवळपास रिकामी. गाडी चालू केल्यावर तोच आकडा १३.८ ते १४.४ दरम्यान जायला हवा. पोराच्या गाडीत बॅटरीवर १४.९ होते, म्हणजे जास्तच. पण खरी गंमत पुढे. मीटरची एक तार बॅटरीवरून काढून डायनमोच्या जाड बोल्टवर ठेवली, तर तिथे १५.८. दोन्ही टोकं एकाच जाड वायरीने जोडलेली, मग मध्ये ०.९ व्होल्ट गेले कुठे? हेडलाइट लावून इतका फरक कधीच पडता कामा नये. ०.२, फार तर ०.३.

वायरीवरची काळी टेप सोलली तेव्हा आत लगचं टोक हिरवंगार पडलेलं होतं. निम्म्या तारा तुटलेल्या, उरलेल्या गंजलेल्या. वायरीचं टोक कापलं, नवा लग दाबून बसवला, डाग दिला. शंभर रुपयांचं सामानही नव्हतं ते. मूळचा बिघाड एवढाच! दिवा मंद पेटायचा तोही त्यामुळेच : त्या दिव्याच्या एका बाजूला डायनमोचा दाब असतो, दुसऱ्या बाजूला बॅटरीचा, आणि दोन्हींत फरक पडला की तो मिणमिणतो. हेडलाइट लावले की वायरीतून करंट जास्त जातो, फरक वाढतो, दिवा वाढतो. गाडी पहिल्या दिवसापासून सांगत होती की दोष जोडात आहे. ऐकायला कुणी मीटर घेऊन बसलं नव्हतं, इतकंच.

दुसरा, म्हणजे गॅरंटीत मिळालेला डायनमो मी त्याच्यासमोर उघडला. कटआउट, म्हणजे रेग्युलेटर, कुठल्यातरी भलत्याच गाडीचा, वाकवून बसवलेला. त्यालाच दाब आवरता येत नव्हता. ब्रश नवे, पण स्लिप रिंगवर नखाला लागेल इतके खड्डे, लेथवर घासलेलीच नव्हती. तसल्या रिंगवर नवे ब्रश किती टिकणार? पुढचं बेअरिंग नवं, कारण पुली फिरवून गिऱ्हाईक तेच तपासतं. मागचं जुनं, कोरडं, खरखरणारं. आणि स्टेटरच्या वेटोळ्यांत वाळलेला गाळ, स्क्रू-ड्रायव्हर लावला की पापुद्रे पडायचे.

हा गाळ आम्ही ओळखतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर बुडालं, २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं आणि त्याच वेळी चिपळूणही बुडालं. पाण्यात गेलेल्या गाड्या भंगारात निघाल्या, पण त्यांचे डायनमो आणि सेल्फ काही सगळे वितळले नाहीत. बॉडी चांगली असली की तिला भाव येतो. पाण्यात राहिलेल्या डायनमोवर माझा आक्षेप नाही. वाइंडिंग नवं केलं, डायोड प्लेट बदलली, दोन्ही बेअरिंगं टाकली तर तोही उभा राहतो. फक्त ते काम केल्याचं कुणीतरी सांगायला हवं, आणि केलं नसेल तर तेही सांगायला हवं.

पोराचा पहिला रिबिल्ट डायनमो माझ्या हातात आला नाही, पण रात्रीत बॅटरी पिणारा डायनमो म्हटलं की बहुतेक वेळा एखादा डायोड शॉर्ट असतो. डायनमोत तीन फेजसाठी सहा मुख्य डायोड असतात. एक ‘ओपन’ झाला तर आउटपुट बरंच घटतं, दिवसा कळतही नाही, रात्री हेडलाइट आणि वायपर एकदम लावले की बॅटरी खचते. एक ‘शॉर्ट’ झाला तर उभ्या गाडीत बॅटरी उलटी डायनमोतून उतरते. चाचणी मिनिटभराची आहे. मीटर एसीवर ठेवून बॅटरीवर लावायचा. चालू गाडीत अर्ध्या व्होल्टच्या वर एसी दिसला की डायोडचा पत्ता लागला.

आणि त्या पोराचा मूळ डायनमो? गाडीसोबत आलेला, कधी न उघडलेला, बहुधा संपूर्ण चांगला. तो अदलाबदलीत गेला. आता तो चंदेरी रंगात दुसऱ्या कुणाला तरी विकला गेला असेल, आणि त्या माणसाचं मात्र नशीब उघडलं म्हणायचं.

या अदलाबदलीलाच माझा विरोध आहे. पूर्वी डायनमो दुकानात सोडून जायचे, दुसऱ्या दिवशी तोच बांधून मिळायचा. आता कुणाला थांबायला वेळ नाही, माल सडतो, हप्ता चुकतो, हे मला कळतं. आल्याची गाडी रात्री उभी राहिली तर सकाळचा बाजार गेला. पण तुमचा डायनमो तुमच्यासमोर उघडला गेला तर काय खराब होतं हे तुम्हाला दिसतं, मोडका पार्ट हातात मिळतो. अदलाबदलीत तुम्ही एक अनोळखी वस्तू देता आणि दुसरी अनोळखी घेता.

डायनमो गेला तर फार तर दिवे जातील, असं समजणाऱ्यांसाठी एक गोष्ट. आपल्याकडच्या अनेक डिझेल पिकअप, जीप आणि छोट्या टेम्पोंमध्ये ब्रेकच्या बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम पंप डायनमोच्या पाठीलाच बसवलेला असतो. इंजिनचं ऑइल त्यातून फिरतं. रिबिल्ट करणाऱ्याने जुनंच सील ठेवलं की ऑइल पाझरून ब्रशवर येतं आणि चार्जिंग मरतं. पंपाच्या पट्ट्या झिजलेल्या राहिल्या की व्हॅक्यूम कमी पडतो आणि ब्रेकचा पॅडल दगडासारखा कडक होतो. भरलेल्या गाडीने घाट उतरताना हे होऊ द्यायचं का, ते रंगाचा डबा उघडणाऱ्याने ठरवावं.

दुकानदार म्हणेल, आम्ही टेस्ट करून देतो. काउंटरवर मोटरने डायनमो फिरवतात, बल्ब पेटतो, गिऱ्हाईक खूश. त्या बल्बला लागतो एक-दोन अँपिअर. गाडीत दोन हेडलाइट ६० वॅटचे धरले तर तेच १० अँपिअर मागतात. त्यावर टेललाइट, वायपर, ब्लोअर आणि खचलेल्या बॅटरीची भूक. रिकाम्या फिरणाऱ्या डायनमोने १४ व्होल्ट दाखवले याला फार अर्थ नाही. लोड टाका, क्लॅम्प मीटर लावा, किती अँपिअर देतो ते दाखवा. ट्रॅक्टरवाल्यांनाही माझं हेच सांगणं असतं. ट्रॅक्टरचा डायनमो साधारण ३५-४० अँपिअरचा. हजार वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण जोरात लावला तर तो एकटाच ८० च्या पुढे मागतो. अशा ट्रॅक्टरवर नवाकोरा डायनमोही जळेल आणि शिव्या मिस्त्री खाईल.

माझ्याच बिरादरीला दोन शब्द. चालू गाडीत बॅटरीचा टर्मिनल उपटून डायनमो तपासायची पद्धत आता बंद करा. जुन्या गाड्यांत फार तर ठिणगी पडायची. डायनमो भरात असताना बॅटरी एकदम सुटली तर क्षणभर दाब ८० ते १०० व्होल्टपर्यंत उसळू शकतो, आणि आजच्या गाडीत इंजिनचा कंट्रोलर, म्हणजे ईसीयू, असतो, एबीएस असतं. डायनमो तपासायला निघालेला माणूस ईसीयू मारून बसतो, त्याचं बिल अर्थातच गिऱ्हाइकावर. अलीकडच्या कित्येक गाड्यांत चार्जिंग किती करायचं हे कंट्रोलरच ठरवतो. गरज नसताना तो मुद्दाम दाब खाली आणतो. तिथे १३.८ दिसले नाहीत म्हणून डायनमो काढू नका, आणि साधा कटआउट घातलेला रिबिल्ट तर मुळीच बसवू नका. मीटर तीनशे-चारशे रुपयांना मिळतो. तो न वापरता पार्ट बदलणारा आणि रंग मारून विकणारा, दोघंही एकाच धंद्यात आहेत.

आता कायद्याचं. माझ्याकडे गाडी घेऊन येणाऱ्या एका वकिलांनी मला हे समजावून सांगितलं, आणि ते दर गाडीवाल्याला माहीत हवं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार रिबिल्ट, दुरुस्त केलेला किंवा जुना माल नवा म्हणून खपवणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणं हीसुद्धा. सदोष माल परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ती ३० दिवसांची धरली जाते. ‘तुमची गाडी धंद्याची आहे, तुम्ही ग्राहक नाही’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूला हा कायदा व्यापारी हेतू मानत नाही. आल्याची गाडी स्वतः चालवणारा तो पोरगा पूर्णपणे ग्राहक आहे. जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी लागत नाही. त्याआधी १९१५ या क्रमांकावर फोन करता येतो.

फक्त हातात कागद हवा, आणि नेमका तोच नसतो. पोराकडे होती ती कच्ची पावती, वहीच्या पानाच्या तुकड्यावर ‘डायनमो’ आणि रक्कम. दुकानाचं नाव नाही, तारीख नाही. बिल मागितलं की ‘टॅक्स पडेल’ ही जुनी सबब. सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा ही सबबही आता पूर्वीइतकी वजनदार राहिलेली नाही.

माझी मागणी साधी आहे. रिबिल्ट म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक डायनमो आणि सेल्फसोबत एक चिठ्ठी सक्तीची करा. बांधणाऱ्याचं नाव आणि तारीख. काय बदललं : ब्रश, कटआउट, डायोड प्लेट, पुढचं बेअरिंग, मागचं बेअरिंग, सील, आणि काय बदललं नाही. लोडवर किती व्होल्टला किती अँपिअर दिले. आणि गॅरंटीत पुन्हा बसवायची मजुरी कुणाची, हेही. ही मागणी अवघड म्हणणाऱ्याने ते काम केलेलंच नसतं. मी माझ्या दुकानात अशी चिठ्ठी डायनमोला तारेने बांधून देतो. लिहायला चहा निवायला लागतो त्याहून कमी वेळ जातो.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या डिसेंबरमध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनंही आहेत. २०२१ च्या नियमांनुसार नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रं उभी राहात आहेत, म्हणजे भंगारातल्या गाड्यांचे भाग पुढेही बाजारात येणारच. दुरुस्तीचा हक्क मान्य करायचा तर दुरुस्त केलेल्या वस्तूची ओळख पटवायची सोयही करायला हवी. हे काम परिवहन खात्याने हाती घ्यावं की ग्राहक खात्याने, ते मंत्रालयातल्यांनी ठरवावं. आमच्यासारख्यांना विचारलं तर तपासणीचा नमुना आम्ही फुकट करून देऊ.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर गाडीवाल्यांनो, एवढं करा. उद्या सकाळी किल्ली फिरवाल तेव्हा इंजिन सुरू करण्याआधी बॅटरीचा तांबडा दिवा पेटतो का ते बघा. पेटायलाच हवा, आणि इंजिन सुरू झालं की पूर्ण विझायला हवा. पेटतच नसेल तरी दोष आहे, कारण पुष्कळ गाड्यांत डायनमोला सुरुवातीचा करंट त्या दिव्यातूनच मिळतो. मंद पेटत असेल तर आधी वायरीचे जोड आणि अर्थिंग तपासून घ्या. आणि पक्कं बिल व चिठ्ठी हातात पडेपर्यंत तुमचा जुना डायनमो कुणाच्याही काउंटरवर सोडून येऊ नका.